अक्रोडाचा पाळणा

लाकडातलं मला कळतं, हे आधीच सांगून ठेवतो. परभणीत बाभूळ नि कडुलिंबाच्या पलीकडं कुणी जात नाही, तिथं मी लेकराचा पाळणा अक्रोडाच्या लाकडात करायला घेतला! फळ्या चुलतभाऊ नागेशनं श्रीनगरहून पाठवल्या होत्या. आमची सुकेशनी बाळंतपणाला पेडगावला, माहेरी निघताना एवढंच म्हणाली, "लेकरू घरी येईल तेव्हा पाळणा तयार पाहिजे. तुमची एक तरी गोष्ट पुरी होऊ द्या."

पण ते लाकूड! चॉकलेटी रंग, आणि त्यात संथ पाण्यावर वारा फिरावा तशा गडद रेषा. कचेरीतून आलो की मी फळीसमोर बसायचो आणि चहा गार व्हायचा. बजरंग सुतार करवत धरून विचारायचा, कुठून कापू? मी म्हणायचो, थांब, इथं नदीचं वळण आहे. चार दिवसांनी तोही चहा गार करत वळणं बघायला लागला. असा महिना गेला आणि मुलगी झाली.

मग मात्र पळापळ. कापाकापी करून बजरंगनं पहिला रंधा मारला नि तो थबकलाच. "सायेब, लोण्यावानी चालायलाय."

मी खुलून सांगितलं की हे लाकूड फार जड नाही, फार हलकं नाही, एकदा वाळलं की वाकत नाही, नक्षी धरून ठेवतं आणि रंग तर मागतच नाही. शेवटी जवसाच्या तेलाचा एक हात दिला की झालं.

बाबा, म्हणजे दत्तराव, ऐकत होते. पूर्णेला रेल्वेत जन्म गेलेला माणूस. त्यांनी एकच विचारलं, "वाळवी लागती का?"

जाणकाराला विचारलं की जाणकारानं सांगायलाच हवं. आतलं लाकूड टणक, पण कडेच्या फिक्या भागाला कीड लागू शकते, असं म्हणून मी पाळण्याच्या कडेचा फिका पट्टा कौतुकानं दाखवला. बाबांनी मान हलवली. मी तेव्हा रेषा बघत होतो.

नाव ठेवायच्या दिवशी सकाळी मी मायलेकींना आणायला गेलो. वाटभर सुकेशनीला तो चॉकलेटी रंग वर्णून सांगितला. दारातच बस डेपोचा वास आला. घरात मधोमध पाळणा उभा, काळाकुट्ट, ठिबकणारा. शेजारी बाबा, हातात गाडीच्या जळक्या ऑईलचा डबा. जन्मभर त्यांनी घरातल्या प्रत्येक चौकटीला तेच लावलं होतं, मग नातीचा पाळणा कसा सोडतील?

"आता शंभर वर्षं वाळवी फिरकत न्हाई," ते म्हणाले.

बजरंग अंगणात जाऊन पाठ करून बसला. सुकेशनीनं पाळण्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि साडीची झोळी बांधली. त्यापेक्षा ती भांडली असती तर बरं वाटलं असतं.

पंचशील झालं, नाव ठेवलं, आणि बाळ एकेकाच्या मांडीवर फिरायला लागलं. मी बाबांना सुनवायची वाक्यं मनात जुळवत होतो. ते भिंतीला टेकून उभे होते. साबण झाला, राख झाली, रॉकेलही झालं, पण कोपरापर्यंतचं काळं निघालं नव्हतं. हात पाठीमागं धरून, वाकून वाकून ते नातीचं तोंड बघत होते. जुळवलेलं एकही वाक्य आठवेना.

मी जवळ गेलो, तर तेच हळूच म्हणाले, "धम्मा, पाळण्याच्या पायांना दुसरा हात मारायचा राहिलाय."

"उद्या दोघं मिळून मारू," मी म्हणालो.