पोट्ट्यांची विचारपूस

मुकुटबनच्या घरी कोणी भेटायला आलं की दिपाली चहा पुढे करायची आणि "काम आहे" म्हणत आतल्या खोलीत लॅपटॉप उघडायची. वडिलांची, पुंडलिकरावांची, तेरवी झाली तरी हे सुरूच होतं. त्या दिवशी मात्र काम खरंच निघालं. लोहाऱ्याच्या जिनिंगमधून, म्हणजे कापूस पिंजायच्या कारखान्यातून, काटा सांभाळणाऱ्या कपिलचा फोन आला.

"मॅडम, वजनकाटा बंद पडला. कापसाच्या गाड्या पार रस्त्यावर गेल्या. लोकं माह्या अंगावर येऊन राह्यले!"

काट्याचा सर्व्हर तिनेच बसवलेला. तिने घरूनच त्याचा कन्सोल उघडला. त्यातला एक मोठा प्रोग्रॅम दर वजनाला एक छोटा प्रोग्रॅम जन्माला घालायचा. मोठ्याला ती दोघं बाप म्हणत, छोट्यांना पोट्टे. पडद्यावर नजर गेली आणि तिचा आवाज चढला.

"कपिल, पोट्टे मेले ना सारे! हजारानं मेले!"

बाहेर भेटायला आलेल्या शेजारच्या लीलाबाईंचा कप तोंडाशीच थांबला.

"नाही, बापाले मारू नको! तो जिता हाय. पोट्टे मेले याची त्याले खबरच नाही!"

पुंडलिकरावांचे जुने मित्र किसनराव ताडकन उठले. "कोनाले मारून राह्यले वो?"

"चूप बसा. आयकू द्या," लीलाबाई म्हणाल्या.

"थांब कपिल, मी बापाच्या आत शिरते."

"अवो माय, पोरीच्या अंगात आलं!" लीलाबाई लिंबू शोधायला स्वयंपाकघरात धावल्या. किसनरावांनी पोलीस पाटलाला फोन लावला. त्यांचा आवाज मुळातच मोठा, त्यामुळे फाटकाजवळून चाललेल्या गल्लीतल्या हंसाबाईंना 'जिनिंगमध्ये पोट्टे मेले' एवढं स्वच्छ ऐकू आलं.

आत दिपालीने चालत्या प्रोग्रॅमला डिबगर, म्हणजे आत शिरून चूक शोधायचं साधन, जोडला आणि बापाला एकेका मेलेल्या पोट्ट्याची चौकशी करायला लावली. मेलेल्यांची नावं यादीतून भराभर पुसली गेली. काटा सुरू झाला. हुश्श करून तिने दार उघडलं, तर अंगणात अर्धी गल्ली, पुढे पोलीस पाटील आणि उंबऱ्यात लिंबू घेऊन लीलाबाई.

"प्रोग्रॅम हायेत वो काकू ते!" सगळं ऐकून ती म्हणाली. "काम झालं की पोट्टा मरते. पन बापानं विचारलं नाही, पोट्टा कसा गेला, तं त्याचं नाव यादीतून जातच नाही. जागा अडवून बसते. मंग नवं काही सुरूच होत नाही."

"एवढ्यासाठी कारखाना बंद पडते?" लीलाबाईंनी विचारलं.

"पडते."

त्यांनी लिंबू खिडकीत ठेवलं. "अन् आमी रोज येऊन राह्यलो इचारायले, तं तू चहा ठेवून पळून जाते."

पोलीस पाटील आपल्या चपलांकडे बघू लागले.

"बस इथं," लीलाबाई म्हणाल्या. "कसे गेले पुंडलिकभाऊ, सांग."

दिपाली बसली. "दवाखान्यात चहा नेला होता. एक घोट घेतला अन् म्हनले, साखर कमी हाय वो. मी साखर आनाले गेली. वापस आली तं..."

लीलाबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. म्हणाल्या, "खोटं नाही बोलले भाऊ. आमीबी तेरवीपासून तोच पिऊन राह्यलो."

दिपालीला हसू फुटलं, आणि त्याच हसण्यातून रडू. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

आत फोन वाजू लागला. ती उठली नाही. किसनराव गेले.

"कोन, कपिल? हाव, मेले सारे, बाप ठीक हाय. फोन मंग लाव. पोरगी आता कामात हाय."