लाल दोरी, निळी दोरी आणि मेहुणीची परीक्षा

संचांची गणितं हा माझा हातखंडा विषय! म्हणजे ती हो, ‘इतके लोक चहा पितात, इतके कॉफी पितात, इतके दोन्ही पितात, तर काहीच न पिणारे किती?’ लोकांना त्यात घाम फुटतो. मला नाही. त्यामुळे परीक्षेच्या आदल्या दिवशी मेहुणी पेन्सिल आपटून म्हणाली, “भाऊजी, सराव परीक्षेत दरवेळी हीच चुकतात. उद्या पण चुकणार!” तेव्हा मी बाह्या सरसावल्या.

“कागदावर चुकतात, कारण कागदावर माणसं नसतात! थांब, तुला जिवंत गणित दाखवतो.”

मी गॅलरीतल्या कपडे वाळत घालायच्या दोन्ही दोऱ्या सोडून आणल्या. हॉलमधलं टीपॉय भिंतीला लावलं आणि जमिनीवर दोन मोठी वर्तुळं मांडली. एक लाल, एक निळं, मध्ये थोडी एकमेकांवर चढलेली. बायको दारात उभी राहून बघत होती.

“ओले कपडे कुठे घालू? तुमच्या डोक्यावर?”

“गणित संपेपर्यंत थांब! हां, सकाळी चालायला जाणारे लाल दोरीत. व्यायामाच्या क्लासला जाणारे निळ्या दोरीत. दोन्हीकडे जाणारे मध्ये.”

आमच्याकडेच राहणारे सासरेबुवा छाती काढून लाल दोरीत गेले. सासूबाई निळ्या दोरीत. बायको ओल्या कपड्यांची बादली घेऊन मधल्या भागात. एवढ्यात खालच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमनकाका आमची छोटी शिडी लिफ्टने परत द्यायला आले. त्यांचे गुडघे कामातून गेलेले, त्यामुळे ते ना चालायला जात, ना क्लासला. त्यांना मी शिडीसकट दोऱ्यांबाहेर उभं केलं.

“बघ! लाल दोरीत दोन, निळ्यात दोन. बेरीज चार. पण तुझी ताई दोनदा मोजली गेली, म्हणून एक वजा. राहिले तीन. बाहेरचा एक मिळव. एकूण चार. मोज माणसं!”

मेहुणीचा चेहरा उजळला. “अय्या, जमलं की!”

इथेच मी थांबायला हवं होतं. पण पोस्टमनकाकांना शंका आली.

“पण हे लाल दोरीत कसे? मी रोज सकाळी फाटकापाशी बसतो ना. हे तर बाहेर पडले की गाडीत बसतात! ती नाही का, टपावर ड्रायव्हिंग स्कूलची पाटी असलेली?”

बायकोच्या हातातली बादली धपकन खाली आली.

“अहो!” सासूबाई निळ्या दोरीतून गरजल्या. “गाडी शिकताय? शिंप्याच्या दुकानात स्कूटर घातलीत, तेव्हा काय ठरलं होतं?”

“तो शिंपी मध्ये आला!”

“दुकान मध्ये आलं? आणि मी वेडी रोज तुमचे चालायचे बूट पुसतेय!”

सासरेबुवा एवढेसे झाले. मग एकदम त्यांना काहीतरी सुचलं. “आणि तुझी ती व्यायामाची चटई? दुकानदाराने बांधून दिलेली गाठ अजून सुटलेली नाही तिची! जातेस कुठे?”

सासूबाईंनी छताकडे पाहिलं. “मैत्रिणीकडे. तिला एकटीला नाश्ता जात नाही.”

बायको बादली उचलून मधल्या भागातून बाहेर पडायला लागली.

“अगं, तू कुठे चाललीस?”

“मी दोन्हीकडे फक्त फी भरलीये. चालण्याच्या ग्रुपलासुद्धा.”

“चालायला फी?”

“भरली की गेल्यासारखंच वाटतं! आणि अहो, तुम्ही कुठल्या दोरीत?”

“मी शिकवतोय!”

“या बाहेर.”

मेहुणीने वहीत शांतपणे लिहिलं. “लाल शून्य, निळं शून्य, दोन्ही शून्य. बाहेर पाच. गणित सुटलं, भाऊजी. पण पेपरात इतकं सोपं देतील का?”

उत्तर द्यायला मी पुढे झालो. त्याच वेळी सासूबाई सासऱ्यांच्या अंगावर धावल्या, दोरी ताणली गेली, माझ्या पायात अडकली आणि मी धाडकन आडवा! नेमका दोन्ही वर्तुळांच्या मधल्या भागात. घोटा पावासारखा फुगला.

सकाळी पाय जमिनीला टेकवता येईना. परीक्षा केंद्र शहराच्या दुसऱ्या टोकाला, आणि मेहुणीला गाडीने सोडणार होतो मी. बायकोला गाडी येत नाही, टॅक्सीवाला दोनदा ‘येतो’ म्हणून आला नाही. मेहुणीचे डोळे भरून आले. वर्षभर अभ्यास केला होता पोरीने!

सासरेबुवा खाकरले. “मला शिकाऊ परवाना आहे. शेजारी परवानावाला बसला की झालं.”

सगळ्यांनी सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाईंनी चपला घातल्या. “मी मागे बसते. शिंपी दिसला की सांगेन.”

असे आम्ही निघालो. सासरेबुवांनी दुसरा गिअर टाकला आणि तो शेवटपर्यंत बदलला नाही! सायकलवाले आम्हाला ओलांडून जात होते. एका सिग्नलला गाडी बंद पडली, दुसऱ्याला सासरेबुवा. स्टिअरिंग धरून नुसते बसून राहिले. तेव्हा सासूबाई मागून हळूच म्हणाल्या, “अहो, छान चालवताय. चला आता.” आणि गाडी निघाली! केंद्राचं फाटक बंद व्हायला आलं होतं. मेहुणी चालत्या गाडीतून उतरली म्हटलं तरी चालेल, इतका आमचा वेग.

पेपर सुटला. ती हसत हसत बाहेर आली.

“संचांची गणितं?” मी खिडकीतून मान बाहेर काढली.

“चार होती. चारही बरोबर!”

मी सासऱ्यांकडे पाहिलं, सासूबाईंकडे पाहिलं, कॉलर ताठ केली. “बघितलंत? जिवंत गणित! डोक्यात पक्कं बसतं!”

“तसं नाही हो, भाऊजी,” मेहुणी माझ्या पायाकडे बघत जरा ओशाळून म्हणाली. “बाबा इतके सावकाश चालवत होते ना, की माझ्या क्लासच्या सरांचा त्या धड्याचा व्हिडिओ गाडीतच मोबाइलवर दोनदा बघून झाला.”