भोकं बघणारे सामंत सर

सामंत सर पाव विकत घेतला की तिथेच फोडतात, खिशातून भिंग काढतात आणि आतली भोकं बघतात. मुलुंड पूर्वेच्या आमच्या बेकरीवाल्याला आता याचं काही वाटत नाही. तोच विचारतो, "साब, आज जाली कैसी है?"

"बारीक आहे, पण सगळीकडे सारखी. झकास!"

सर रसायनशास्त्रज्ञ. सगळी नोकरी त्यांनी सच्छिद्र पदार्थ बनवण्यात घालवली. दिसायला साधी पांढरी पूड. पण तिच्यात इतकी सूक्ष्म भोकं, की चमचाभर पुडीचा आतला पृष्ठभाग उलगडला तर मैदान भरेल. त्या भोकांत रेणू शिरतात आणि एरवी रखडणारी रासायनिक क्रिया झटक्यात होते. "माल नको बघू, भोक बघ," असं सर मला नेहमी बजावतात.

सोसायटीतही त्यांचं तेच. मीटिंगमध्ये गळतीवरून भांडण पेटलं तेव्हा सर उठून म्हणाले, "भिंत सच्छिद्रच असते. तिचा दोष नाही."

मागून आवाज आला, "बरोबर आहे सर, सेक्रेटरीचा आहे!"

तिसऱ्या मजल्यावरच्या पाटकर मावशींनी अकरा लग्नं जुळवली, स्वतः मात्र लग्न केलं नाही. त्यांना सर तोंडावर म्हणाले, "तुम्ही खऱ्या कॅटॅलिस्ट. दोघांचं जुळवून देता आणि स्वतः जशाच्या तशा राहता." मला वाटलं, आता वाट लागली. पण मावशी शांतपणे म्हणाल्या, "तुमच्यासाठी बघू का एखादी?" सर विधुर. व्यायाम म्हणून रोज जिना चढणारा हा माणूस पुढे आठवडाभर लिफ्टने गेला.

आता माझं सांगतो.

एकवीस वर्षांपूर्वी मी सरांच्या प्रयोगशाळेत लागलो, प्रोबेशनवर. सरांनी चार महिने खपून एक पदार्थ बनवला होता. शेवटी तो भट्टीत सावकाश तापवायचा होता, मिनिटाला एक डिग्री. असं केलं की भोकांना आकार देणारा आतला साचा हळूहळू जळून जातो आणि भोकं शाबूत राहतात. मला घाई होती. मी मिनिटाला दहा डिग्रीचा वेग लावला आणि जेवायला गेलो. भोकं कोसळली. हाती निव्वळ रांगोळी आली. डायरेक्टरांसमोर सर म्हणाले, "माझी कृती चुकली." प्रकल्प बंद झाला. मी शेजारीच उभा होतो. गप्प.

पुढे मी कायम झालो, सरांच्याच इमारतीत घर घेतलं. सरांच्या पत्नीच्या, काकूंच्या हातची सोलकढी प्यालो, त्या गेल्या तेव्हा खांदा दिला. दर रविवारी सांगायचं ठरवून सरांकडे गेलो आणि पावाच्या जाळीवर गप्पा मारून परत आलो. एका चांगल्या माणसाला स्वतःच्या कामाबद्दल शंका घेत जगायला मी लावलं, हे मला जेवताना आठवायचं, दाढी करताना आठवायचं.

गेल्या महिन्यात एका कॉलेजनं सरांना भाषणाला बोलावलं. विषय त्यांनीच निवडला, 'माझे फसलेले प्रयोग'. मुद्द्यांचा कागद त्यांनी मला तपासायला दिला. पहिला प्रयोग तोच.

"सर, हा खोडा. तुमची कृती बरोबर होती. भट्टी मी चुकीची लावली. मिनिटाला दहा."

सरांनी चष्मा पुसला. "माहीत आहे."

"कसं?"

"अरे, भट्टीला आलेखाचा कागद होता ना! रेघ कशी सरसर वर गेली होती. म्हटलं, नवीन पोरगा आहे, सोमवारी सांगेल. मग म्हटलं, मंगळवारी."

"एकवीस वर्षं झाली, सर."

"तेच म्हणतो. मंगळवार फारच लांबला."

"मग हा प्रयोग यादीत कशाला?"

"प्रयोगशाळा माझी होती. फसला तो माझाच."

"पण तुम्ही मला विचारलं का नाही?"

सर कागदाची घडी घालू लागले. "हिला म्हटलं होतं, विचारतो म्हणून. ती म्हणाली, नका विचारू. लाजेल आणि यायचा बंद होईल. ती गेल्यावर तर..." घडी नीट बसेना. त्यांनी ती पुन्हा उलगडली. "आता तुझं ओझं उतरलं. तरी येशील ना रविवारी?"

"येईन की, सर."

ते दारापर्यंत सोडायला आले. मी चपला घालत होतो, तेव्हा त्यांनी परत एकदा विचारलं.