खिडकी क्रमांक चार

आमच्या गल्लीत नळाला आठव्या दिवशी पाणी येतं. या खेपेला आठवा दिवस दोनदा येऊन गेला, पाणी आलं नाही. म्हणून सोमवारी मी ठकूला कडेवर घेतलं आणि शेजारच्या जैतुनबींसोबत उस्मानपुऱ्यातलं जलसमाधान केंद्र गाठलं. ठकू दीड वर्षाची. तिची आंघोळ ओल्या फडक्यावर आली होती आणि मानेच्या वळीत घामोळं उठलं होतं. मला दोन बादल्या पाणी हवं होतं.

केंद्राचं रूप पालटलं होतं. कर्मचाऱ्यांचं 'तत्त्वज्ञान परिचय' हे तीन दिवसांचं प्रशिक्षण झालं होतं आणि तक्रारींची वर्गवारी आता शाखानिहाय होती. भिंतीवर इतिहासाचा तक्ता. पहिलीच ओळ : अडीच हजार वर्षांपूर्वी एका ग्रीक माणसानं सांगितलं की सगळं जग पाण्यापासून झालं आहे.

"उसके घर रोज आता होंगा," जैतुनबी म्हणाल्या.

खाली आपल्याकडचे. कुणी म्हणालं, जग नुसतं भासतं. कुणी म्हणालं, डोळ्यांना दिसतं तेवढंच खरं. दोघांसमोर 'प्रकरण निकाली' असा शिक्का होता.

पहिली खिडकी सत्ताशास्त्राची. म्हणजे काय आहे आणि काय नाही, हे ठरवणारी. तिथं रामकिसन नावाचे कारकून होते.

"तक्रार कशाची?"

"नळाची. सोळा दिवस पाणी नाय."

"ज्यातून पाणी येतं तो नळ. ज्यातून येत नाही, त्याला नळ कशावरून म्हणता?"

"तुम्हीच बसवलाय, दादा."

"आम्ही पाइप बसवला. नळपणा पाण्यासोबत येतो." त्यांनी अर्जात 'तथाकथित नळ' अशी दुरुस्ती केली आणि दुसऱ्या खिडकीकडं बोट दाखवलं. आमचा नंबर लागेपर्यंत तेच उठून त्या खिडकीत येऊन बसले होते. मनुष्यबळ कमी होतं.

"तक्रार कशाची?"

"आत्ता तर सांगितली."

"ती पलीकडं. ही ज्ञानमीमांसा आहे, इथं मला अजून काहीच माहीत नाही. पाणी आलं नाही, हे तुम्हाला कशावरून कळलं?"

"तोटी उघडी ठेवून बसले होते."

"सलग सोळा दिवस?"

"लेकरू झोपलं की माझाही डोळा लागायचा."

"तेव्हा येऊन गेलं असेल."

"ड्रम कोरडा हाय ना."

"ते अनुमान झालं. प्रत्यक्ष काय?"

जैतुनबींनी ठकूची मान हलकेच पुढं केली. "ये देखो. प्रत्यक्ष."

रामकिसननी चष्मा चढवून घामोळं पाहिलं. शिक्का जरा हळू मारला.

तिसरी खिडकी तर्कशास्त्राची. तिथंही रामकिसनच. "प्रत्येक जोडणीला आठव्या दिवशी पाणी मिळतं," त्यांनी परिपत्रक वाचलं. "तुम्हाला मिळालं नाही. अर्थात तुमची जोडणी नाही. जोडणी नाही तर तक्रार नाही. तक्रार नाही तर तुम्ही इथं आलेल्याच नाहीत. पुढचे!"

ठकूनं त्यांचा पेन उचलून तोंडात घातला. पेन गेल्याचं ते नाकारू शकले नाहीत. 'निम्मं अस्तित्व मान्य' असा शेरा उसन्या पेनानं लिहून त्यांनी आम्हाला सोडलं.

पाचवी खिडकी सौंदर्यशास्त्राची होती, तिथं रिकाम्या ड्रमचे फोटो स्वीकारत होते. पण टँकरचा हुकूम चौथीतून सुटतो, असं कळलं. बाकी खिडक्यांच्या रांगा फाटकाबाहेर गेलेल्या. चौथीपुढं कुणीच नव्हतं. माझं नशीब फळफळलं, असं मला वाटलं.

आत द्वारकाबाई मॅडम मेथी निवडत होत्या. त्यांनी खुर्ची पुसून दिली. "बसा बाई. नीतिशास्त्राला कुणी बसत नाही. पाणी हवंय ना लेकराला? संध्याकाळी टँकर दारात. माझा एकच प्रश्न असतो." त्यांनी फॉर्म सरकवला. "पाणी येतं त्या दिवशी लाइनीला मोटर लावून ओढता का? 'नाही' लिहा, सही करा."

जैतुनबी वर पंख्याकडं पाहू लागल्या. पंखा बंद होता, तरी बराच वेळ पाहत राहिल्या.

"नाय लावत," मी म्हणाले आणि ठकूच्या तोंडातून पेन काढून घेतला.

मॅडमच्या मागं हात धुवायचा नळ होता. ठकूनं तो पाहिला, बोट केलं, गाल फुगवले आणि म्हणाली, "घुर्रर्रर्र."

तिच्या जन्मापासून घरात पाणी येतं ते या आवाजानंच. पाणी असंच बोलतं, अशी तिची समजूत आहे.

मॅडमनी मेथीची जुडी बाजूला ठेवली. "लेकराचं राहू द्या," त्या मायेनं म्हणाल्या. "सही तुमची चालते. करताय?"

"घरी विचारून येते," मी म्हणाले आणि पेन फॉर्मवर ठेवला.

"सगळे तसंच म्हणतात."

बुधवारी पाणी आलं. गल्लीतल्या घराघरांतून घुर्रर्र सुरू झालं. फक्त टोकाच्या सरूबाईंकडून आवाज नव्हता. त्यांच्याकडं मोटर नाही. त्यांचा नळ दिवाळीपासून पाइपच आहे. ठकू गाल फुगवून माझ्या तोंडाकडं पाहत होती आणि माझा हात बटणावर होता.

मी बटण दाबलं की नाही, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. त्यासाठी खिडकी क्रमांक चार, वेळ अकरा ते पाच. रांग नसते. विचारण्याआधी फॉर्म भरावा लागतो, पेन मॅडमकडं आहे.