दोन खारी आणि शाळेचा फायदा

एका जंगलात, मुलांनो, एक शाळा होती. जंगल सागाचं होतं की बांबूचं, ते आता नीटसं आठवत नाही. शाळा मात्र नक्की होती.

तिथल्या वाघमहाराजांनी एकदा दिवाकरपंत घुबडांना बोलावलं. पंत फार शिकलेले. त्यामुळे त्यांना कशाचीच खात्री नसे.

"पंत, शिकलेल्याची मजुरी खरंच वाढते का? नसेल, तर शाळा बंद."

"वाढते, महाराज. म्हणजे, वाढत असावी. पण हुशार पोरंच शाळेत जातात. ती तशीही जास्त कमावतील. त्यात शाळेचा वाटा किती?"

"ते तुम्हीच शोधा."

पंतांची झोप उडाली, तीही दिवसाची.

शेवटी त्यांना जुळ्या खारी सापडल्या. टिकली आणि चिंगी. वजन सारखं, शेपटी सारखी, खोड्याही सारख्या.

"एकीलाच शाळेत घाला," पंत त्यांच्या आईला म्हणाले. "पुढे जो फरक दिसेल, तो शाळेचा."

"आणि दुसरीनं काय पाप केलंय?"

"काही नाही, बाई. पण तुलना नसेल, तर शाळाच जाईल. मग दोघी घरी."

"तुमची पोरं कुठं असतात हो?"

"शाळेत," पंत खाली बघत म्हणाले. "ती जुळी नाहीत."

आईनं डोळे मिटून एकीला पुढे ढकललं. ती टिकली निघाली.

शाळेत कासव मास्तरांनी टिकलीला एक विद्या शिकवली. शेंग न फोडता, नुसती कानाशी हलवून, आतला दाणा किडका आहे का ते ओळखायचं. चिंगी घरीच राहिली.

मोठ्या झाल्यावर दोघी राजाच्या कोठारात शेंगा निवडायला लागल्या. मजुरी दोघींना अगदी सारखी. बाकीच्या खारींच्या दुप्पट. पण बाकीच्या जुळ्या नव्हत्या, म्हणून पंतांनी त्या हिशेबात धरल्या नाहीत.

"फरक शून्य, महाराज," पंत चाचरत म्हणाले.

शाळा बंद झाली. कासव मास्तर तळ्यात परत गेले.

पुष्कळ वर्षांनी कोठारात किडक्या शेंगांचे ढीग लागले. निवडणारं कुणी उरलं नव्हतं. तेव्हा पंतांनी म्हाताऱ्या चिंगीला भीत भीत विचारलं, "चिंगे, तुला शेंग ओळखायला कुणी शिकवलं गं?"

"टिकलीनं. शाळा सुटली की आम्ही शाळा-शाळा खेळायचो. ती मास्तर व्हायची."

"मग तेव्हा सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही शेपटी मोजलीत, पंत. खेळता काय, ते कुठं विचारलंत?"

पंतांनी टिकलीकडे जाऊनही खात्री करून घेतली. खरं होतं.

तात्पर्य: शिक्षणाचा फायदा अचूक मोजायचा असेल, तर बहिणींना एकमेकींशी खेळू देऊ नये.