धोंडीआप्पांचा कंठमणी

आमचे पासली गावातले शेजारी धोंडीआप्पा दाढीला बसले की न्हाव्याला आधीच बजावत, "गाल तुजं, मिशी तुजी. गळा माजा." मग घरी येऊन आरसा खुंटीला टांगायचा आणि गळा स्वतः भादरायचा.

कंठमणी होताच तसा. चहा पिताना तो असा वरखाली होई की समोरच्याचा घोट अडकावा. आप्पा शेळ्या राखायचे. त्यांनी हाळी दिली की ओढ्यापलीकडच्या शेळ्या माघारी वळत, आणि आमचा कुत्राही उगाच उठून चालू लागे. "लई जोर हाय ह्या हाडात," म्हणत आप्पा भर उन्हाळ्यातही गळ्याला मफलर गुंडाळत.

गेल्या वर्षी आवाज बसला. ज्येष्ठमध झालं, हळदीचं दूध झालं, शेळ्या हाळीला वळेनाशा झाल्या. शेवटी मी आणि त्यांची बायको, हिराकाकू, त्यांना पुण्याला घेऊन गेलो.

तपासण्या झाल्यावर डॉक्टरांनी प्लास्टिकचा घसा टेबलावर ठेवला. "आजोबा, हे हाड नाही, कूर्चा आहे. कान कसा वाकतो, तशातली, पण जाड. तिच्या दोन बाजू पुढं जुळतात, छपराचे उतार आढ्याला जुळतात तशा. तोच तुमचा कंठमणी. आतून त्यालाच स्वरतंतू चिकटलेले असतात." मग आवाज खाली आणून म्हणाले, "गाठ तंतूंवरून या कूर्चेत शिरलीय. सगळं स्वरयंत्र काढावं लागेल."

आप्पा घोगऱ्या आवाजात म्हणाले, "आतलं काढा. आवाज गेला तर जाऊ द्या. ही भाईरची ढाल तेवढी ऱ्हाऊ द्या."

"रोग तिच्यातच आहे, आजोबा. आणि नुसती ठेवून उपयोग काय?"

आप्पांनी काकूंकडं पाहिलं. "हिच्या हाताला कायतरी लागाय नगं का?"

हिराकाकूंचे कान तापात गेले, हे गावाला ठाऊक होतं. रोज संध्याकाळी दार लोटून काकू आप्पांच्या गळ्यावर तळहात ठेवतात आणि आप्पा त्यांना दिवसभराचं सांगतात, हे मला तिथं कळलं. "समदं न्हाई कळत तिला," आप्पा म्हणाले. "पर मी बोलतोय, येवढं कळतं."

ते उठले आणि बाहेर बाकावर जाऊन बसले. ऑपरेशन नको म्हणाले. काकूंनी मला खुणेनं विचारलं. मी गळ्याकडं बोट केलं आणि सगळं जाणार, असा हात हलवला.

काकू बाकावर आप्पांच्या शेजारी बसल्या. मग त्यांनी आप्पांचा हात उचलून आपल्या गळ्यावर ठेवला. बहिऱ्या माणसाला आवाजाचा अंदाज नसतो. काकू बोलल्या तशी सगळ्यांनी वळून पाहिलं.

"आता मी सांगत जाईन. तुमी ऐका."

आप्पा रडले नाहीत. आत गेले आणि "करा" म्हणाले. मी ऐकलेला त्यांचा तो शेवटचा शब्द.

आता गळ्याला भोक आहे, त्यातून श्वास चालतो. शेळ्या काकू राखतात. संध्याकाळी कुठली शेळी व्याली, कोण भेटलं, हे त्या सांगतात आणि सगळ्या आळीला ऐकू जातं. दमून थांबल्या की आप्पा हळूच त्यांचा पदर ओढतात. पुढं काय झालं, म्हणून.