वाफा क्रमांक सात

नगरपालिकेच्या बागेतल्या मधमाश्यांची हजेरी रोज सकाळी फोटो काढून लागते आणि ते काम भामाबाई वाघचौरेकडे आहे. पटावर चाळीस माश्या आहेत. सात ते अकरा या वेळात प्रत्येकीचा फुलावर बसलेला फोटो नगरपालिकेच्या फोनवर चढवायचा. माशीचं तोंड दिसलं पाहिजे, फूल पुरतं आलं पाहिजे आणि ते फूल नोंदलेल्या वाफ्यातलंच पाहिजे. असे वाफे सहा.

भामाबाई चौथी शिकलेली. आकडे आणि सही एवढं पक्कं येतं आणि कामाला तेवढं पुरतं. बाकीचं एकोणीस वर्षांत तिला बागेनं शिकवलं. झेंडूवरची माशी दम धरते, कर्दळीवरची धरत नाही. लाल झिनियावर कोवळ्या उन्हात बसलेली माशी अशी उठून दिसते की फोटो परत काढावा लागत नाही. जास्वंदीत शिरलेली मात्र तोंडाला पिवळी भुकटी फासून बाहेर येते, मग तिला तोंड पुसायला लावायचं आणि पुन्हा बसवायचं. पूर्वी माश्या हजेरी चालू असताना गप्पा मारायच्या. बोलताना पंख हलतात आणि फोटो पुसट येतो. भामाबाईनं एक दिवस सगळ्यांना झेंडूच्या वाफ्यावर बोलावून सांगितलं, की हजेरीच्या वेळेत जी तोंड उघडेल तिची गैरहजेरी लावीन. त्या दिवसापासून सात ते अकरा बागेत एक शब्द ऐकू येत नाही. फक्त गुणगुण.

सोमवारी सतरा नंबर सापडली नाही.

तो सोमवार तसा सुरुवातीपासूनच बिघडलेला होता. गणवेशाची हिरवी साडी आदल्या दिवशी गुलाबाच्या काट्याला अडकून टरकन फाटली होती, नवीन मिळायला अर्ज करावा लागणार होता, म्हणून भामाबाई भाचीच्या लग्नातली जांभळी साडी नेसून आली. लालभडक, ताटाएवढ्या फुलांची. पदर कमरेला खोचून ती सहा वाफे तीनदा फिरली. एकोणचाळीस फोटो झाले, चाळिसावा झाला नाही. मंगळवारी तेच, बुधवारी तेच. साडी रोज संध्याकाळी धुऊन सकाळी तीच नेसायची, दुसरी कामावर घालण्यासारखी नव्हती.

नियम साधा आहे. तीन दिवस गैरहजर राहिलेल्या माशीचं नाव चौथ्या दिवशी कमी होतं. आणि पट चाळीसच्या खाली गेला की बाग बंद. फुलं उपटून तिथं आठवडी बाजाराच्या गाड्या लावायची सोय करायचं आधीच ठरलेलं होतं, फरशीचे ठोकळेसुद्धा गेटाबाहेर रचून ठेवले होते. भामाबाई रोज येता-जाता त्या ठोकळ्यांकडे बघायची आणि ते ठोकळेही तिच्याकडे बघतात असं तिला वाटायचं.

बुधवारी अकरानंतर तिनं माश्यांच्या मुकादमणीला, म्हणजे एक नंबरला गाठलं. मुकादमणीनं सांगितलं की सतरा नंबर सकाळी सगळ्यांबरोबर पोळ्यातून निघते, संध्याकाळी वेळेवर परत येते, कामाला गेले होते म्हणते. पायाला मात्र परागाचा कण नसतो. भामाबाईनं यातून एकच अर्थ काढला, की बया खाजगीत जायला लागली. ती तडक कोपऱ्यावरच्या डॉक्टरांच्या बंगल्यावर गेली आणि त्यांच्या बोगनवेलीचा वेल न् वेल तपासला. डॉक्टरीणबाईंनी काय हवंय विचारलं. आमची एक कर्मचारी शोधते आहे, भामाबाई म्हणाली. डॉक्टरीणबाईंनी चहा दिला आणि आपल्याकडच्या सगळ्या माश्या जुन्याच आहेत असं सांगितलं. तिथेही कानाशी गुणगुण चालूच होती, पण बोगनवेलीपाशी गुणगुण असायचीच.

गुरुवारी अकराला पाच कमी असताना उद्यान विभागाचे देसले साहेब आले. देसले साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी बाकावर रुमाल टाकला, त्यावर बसले आणि कागद काढला. एक नाव कमी, पट एकोणचाळीस, बाग आजपासून बंद. भामाबाईला गाड्यांच्या जागेवर नेमणूक मिळणार होती.

"तुम्हाला शिट्टी मिळेल," साहेब म्हणाले.

"शिट्टी तुमच्याकडेच ठेवा. ह्या झिनियाला काय सांगू?"

साहेबांनी झिनियाकडे पाहिलं. झिनिया ऐन भरात होती, लाल, केशरी, गुलाबी, आणि प्रत्येक फुलावर एकेक माशी मान खाली घालून उभी होती. साहेब म्हणाले की झिनियासाठी वेगळा कागद नाही. मग त्यांनी आपला नगरपालिकेचा फोन काढला. बंद होणाऱ्या बागेचा फोटो कर्मचाऱ्यासह जोडावा लागतो.

भामाबाईनं त्यांना बजावलं की असल्या फोटोला ती तोंड दाखवणार नाही. साहेब म्हणाले, तोंड लागतं असं लिहिलेलं नाही, कर्मचारी लागतो. तेव्हा ती त्यांच्याकडे पाठ करून, हात कमरेवर ठेवून उभी राहिली आणि साहेबांनी फोटो काढला.

फोन वाजला. साहेबांनी चष्मा वर केला, खाली केला.

"हजेरी लागली," ते म्हणाले. "सतरा नंबर. दहा अठ्ठावन्न."

भामाबाईच्या पाठीवर, पदराच्या सगळ्यात मोठ्या लाल फुलाच्या मधोमध सतरा नंबर बसली होती. तोंड दिसत होतं, फूल पुरतं आलं होतं. भामाबाईनं मान वळवून पाहायचा प्रयत्न केला. एकोणीस वर्षांत हजारो फोटो तिनं काढले होते, पण फोटो काढणारीची पाठ कुठल्याच फोटोत येत नाही.

अकरा वाजेपर्यंत तिघंही थांबली. अकरा वाजल्यावर साहेबांनी माशीकडे खुलासा मागितला.

"सोमवारपासून कामावर आहे," सतरा नंबर म्हणाली. "फूल मोठं आहे. मध नाही, साबणाचा वास येतो. पण रोज सात वाजता उघडतं आणि जागच्या जागी राहत नाही, त्यामुळे सहाही वाफ्यांवर देखरेख होते."

"अगं भवाने, तीन दिवस माझ्या पाठीवर बसून तुला बोलायला काय झालं होतं?"

"हजेरीच्या वेळेत बोलायचं नाही."

"आणि अकरानंतर?"

"अकरानंतर कोणी विचारलं नाही."

नियम भामाबाईचाच होता.

अडचण एकच उरली. फूल नोंदलेल्या वाफ्यातलं नव्हतं. साहेबांनी वाफ्यांचं रजिस्टर उघडलं, वाफ्याची व्याख्या दोनदा वाचली आणि भामाबाईला खांद्यापासून कमरेपर्यंत टेपनं मोजू का असं आदबीनं विचारलं. ती म्हणाली, मोजा, पण टेप मी धरणार. लांबी-रुंदी लिहिली गेली. फुलं अकरा, रंग लाल, खत लागत नाही. साहेबांनी वाफा क्रमांक सात नोंदला, शिक्का मारला, आणि हातातला बंदीचा कागद चार घड्या घालून खिशात टाकला.

भामाबाई साहेबांच्या रुमालावरच बसली. तीन रात्री तिला नीट जेवण गेलं नव्हतं, आता एकदम भूक लागली. गेटाबाहेरचे ठोकळे ज्याचे त्यानं घेऊन जावेत, असं तिनं साहेबांना दोन वेळा बजावलं आणि साहेबांनी दोन्ही वेळा मान हलवली.

"गणवेशाचा अर्ज मात्र रद्द होईल," ते म्हणाले. "ही साडी आता बदलता येणार नाही."

"बदलतंय कोण?"

"आणि नोंदलेल्या वाफ्याला दोन वेळ पाणी आहे. सकाळी आणि संध्याकाळी."

भामाबाई उठली, झारी भरून घेतली, आधी झेंडूला घातलं, मग झिनियाला, कर्दळीला, ओळीनं सहाही वाफ्यांना. मग पदर नीट पसरला, सतरा नंबरला जरा बाजूला व्हायला सांगितलं आणि उरलेली झारी डाव्या खांद्यावरून पाठीवर ओतली. ऊन तापलं होतं. बरं वाटलं.